उस्तादांना मानधन नको, मजुरी द्या

वस्तीत एखादं वर्कशॉप सुरू व्हायचं असलं की देणगीच्या पत्रकात शिलाई मशिनं असतात, वेल्डिंग सेट असतो, ड्रिल मशीन असतं, उद्घाटनाचा मंडपही असतो. शिकवणारा येतो शेवटच्या ओळीत, 'प्रशिक्षक सेवाभावी तत्त्वावर'. नाहीतर महिन्याचं मानधन, जे त्याच्या दुकानाच्या चार दिवसांच्या गल्ल्याएवढंही नसतं. मशिनवर देणगीदाराचं नाव रंगवता येतं, उस्तादाच्या पगारावर येत नाही. कारण बहुधा एवढंच.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. एका संस्थेच्या वर्कशॉपमध्ये शनिवारी पोरांना कॉम्प्युटर शिकवतो. शेजारच्या टेबलावर एक चाचा पंख्याचं वाइंडिंग शिकवतात. नव्या पोराला ते आधी तारेला हात लावू देत नाहीत. जळालेली कॉइल कापण्याआधी ती वाचायला लावतात. स्लॉट किती, एका कॉइलला वेढे किती, तारेचा गेज कोणता, कनेक्शन कुठून कुठे गेलं. हे वहीत न उतरवता कॉइल भंगारात टाकली, की मोटरची माहितीही भंगारात गेली. मग बाहेर आलेल्या तीन वायरी. दोन-दोनच्या जोड्या मीटरवर लावायच्या. ज्या जोडीत रेझिस्टन्स सगळ्यात जास्त दिसतो, तिच्यात नसलेली तिसरी वायर कॉमन. असं का, ते पोरानंच सांगायचं. आमच्या धंद्यात याला डिबगिंग म्हणतात आणि त्याचा पगार चांगला मिळतो.

आता हिशेब बघा. मी ज्युनिअरला शिकवलं तर माझा पगार घटत नाही, उलट अप्रेझलमध्ये लिहिता येतं. चाचांकडे शिकलेला पोरगा दोन वर्षांनी पुढच्या गल्लीत दुकान टाकतो. ब्लाऊजचं कटिंग शिकवणाऱ्या आपाचंही तेच. तिच्याकडे शिकलेल्या दहा जणींची गिऱ्हाइकं तिच्याच मोहल्ल्यातली असतात. म्हणजे उस्ताद नुसता शनिवार देत नाही, बाजारातला आपला हिस्साही देतो. 'जुने कारागीर शेवटची खुबी सांगत नाहीत' अशी तक्रार आपण कायम ऐकतो. ती सांगणं त्यांना परवडावं, याची सोय कोणी केली?

'ते सवाबसाठी शिकवतात,' असं कमिटीवाले म्हणतात. शिकवत असतीलही. पण घाम सुकायच्या आत मजुरी द्यावी, हे जुम्म्याच्या बयानात ऐकणारेही हेच लोक आहेत.

मुस्लिम कामगारांत स्वयंरोजगाराचं प्रमाण जास्त आहे, हे सच्चर समितीने २००६ मध्येच नोंदवलं. गॅरेज, सुतारकाम, शिलाई, वाइंडिंग हे सगळं आपल्या घरांत आहे. कागद नाही. सरकारी आयटीआयत शिकवायचं तर प्रमाणपत्र हवं. तीस वर्षं मोटारी दुरुस्त केलेल्या, शाळा अर्ध्यात सोडलेल्या माणसाला तिथे फळ्यासमोर उभं राहता येत नाही. त्याच्यासाठी वस्तीतलं वर्कशॉप ही एकच जागा उरते, आणि तिथे आपण त्याला फुकट राबवतो.

पैसे कुठून आणायचे, हा प्रश्न खरा आहे. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून शाळांमध्ये गेलेल्या तंत्रशिक्षणात गावातल्या कारागिरांना शिकवायला बोलावलं गेलं आणि मुलं गावाची खरी कामं करत शिकली. आपल्याकडे खऱ्या कामांना तोटा आहे का? मशिदीचे पंखे, मदरशाचा पाण्याचा पंप, उर्दू शाळेची मोडकी बाकं बाहेरच्या ठेकेदाराकडे जातात. ती वर्कशॉपकडे द्या आणि बाजारभावाने बिल भरा. पोरांना सरावासाठी मुद्दाम बिघडवलेली मोटर लागणार नाही, उस्तादाची रोजीही निघेल. सगळी निघणार नाही. उरलेल्यासाठी एक वेल्डिंग सेट कमी घ्या.

कमिटीच्या पुढच्या बैठकीत मी साधा ठराव मांडणार आहे. चाचांना आणि आपांना त्यांची शनिवारची सरासरी कमाई विचारायची आणि तेवढी रक्कम त्याच संध्याकाळी हातात द्यायची. एका मेंबरने आधीच सांगून ठेवलंय, यंदा सीसीटीव्ही बसवायचाय.