पाटीवरची बारा वर्षं

परवा बाबांना फॉलो-अपला घेऊन गेले होते. आमचा नंबर तेवीस, आत चाललेला नऊ. मोबाइलची बॅटरी डाऊन. मग काय, समोरची पाटी वाचत बसले. एम.बी.बी.एस., एम.डी. (मेडिसिन), डी.एम. (न्यूरोलॉजी), पुढे स्ट्रोकमधली फेलोशिप. खरं सांगा, डॉक्टरच्या डिग्र्या आपण कधी वाचतो? त्यापेक्षा हॉटेलचं मेनूकार्ड नीट वाचतो!

बसल्या बसल्या हिशेब केला. इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं एम.बी.बी.एस., तीन वर्षं एम.डी., आणखी तीन डी.एम. प्रत्येक पायरीवर नवी एन्ट्रन्स. वर फेलोशिप. म्हणजे बारावीनंतर बारा वर्षं, तीही कुठे न अडकता! आपण तिसऱ्या जॉबसाठी सीव्ही पाठवत असतो, तेव्हा ही मंडळी अजून नाइट ड्युटी करणारे विद्यार्थीच असतात. (आणि हो, हे ऑपरेशनवाले न्यूरोसर्जन नव्हेत. त्यांची डिग्री वेगळी, एम.सीएच.)

एवढं शिकून करायचं काय? तर काही मिनिटांत निर्णय. स्ट्रोक म्हणजे अर्धांगवायूचा झटका. बहुतेक वेळा मेंदूची रक्तवाहिनी गुठळीने बंद होते, काही वेळा फुटते. वरून दोन्ही सारखंच दिसतं. गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन. रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतू शकतं. म्हणून आधी स्कॅन. इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देतात. मोठी गुठळी कॅथेटरने ओढून काढता येते, काही निवडक पेशंटमध्ये २४ तासांपर्यंतही. पण थांबायचं नाही. मोठी रक्तवाहिनी बंद झाली की मिनिटाला सुमारे १९ लाख न्यूरॉन मरतात, असा हिशेब अमेरिकेतले न्यूरोलॉजिस्ट जेफ्री सेव्हर यांनी २००६ मध्ये मांडला होता.

आम्ही थांबलो. रात्री नऊला बाबांचा डावा हात जड झाला. 'अवघडला असेल' म्हणत ते झोपले. आईने बाम चोळला. मी इकडून फोनवर म्हटलं, "सकाळी बघू." हॉस्पिटलमध्ये पोचेपर्यंत सात वाजले होते. डॉक्टर रागावले नाहीत. एवढंच विचारलं, "शेवटचे नॉर्मल कधी होते?" आईने 'काल रात्री नऊ' सांगितलं आणि ते क्षणभर गप्प झाले. बाबा आता शर्टाची बटणं एका हाताने लावतात.

म्हणून सांगते. हसायला सांगा, तोंड वाकडं होतंय का? दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली येतोय का? एक वाक्य बोलायला सांगा, जीभ अडखळतेय का? यातलं एक जरी अचानक झालं, तर घड्याळ बघा, १०८ फिरवा आणि चोवीस तास स्कॅनची सोय असलेलं हॉस्पिटल गाठा. ते कुठलं, हे आजच शोधून ठेवा.

आज रात्री घरी फोन कराल ना? 'जेवलात का'च्या आधी हे सांगा.