घरची शाळा किती वाजता सुटावी?

सहावी-सातवीचं मूल घरीच शिकणार म्हटलं, की आपल्या श्रीरामपुरात पहिला प्रश्न येतो, 'मग दिवसभर करणार काय?' माझं मत सरळ आहे : टेबलापाशी तीन तास पुरे!

हिशोब करून बघा. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीला वर्षात २२० दिवस आणि १००० तास शिकवायचं असतं. म्हणजे दिवसाला जेमतेम साडेचार तास. त्यातच हजेरी, वह्या तपासणं, वर्गाला गप्प बसवणं आलं. घरी शंका तिथल्या तिथे मिटते.

मुंबईच्या मालविका जोशीला आईने सातवीत शाळेतून काढलं. तिला प्रोग्रॅमिंगची गोडी लागली, इन्फॉरमॅटिक्स ऑलिंपियाडमध्ये तीन पदकं मिळाली. बारावीचं सर्टिफिकेट नाही म्हणून आयआयटीचं दार बंद होतं, पण २०१६ मध्ये अमेरिकेच्या एमआयटीने तिला घेतलं.

उरलेला दिवस मात्र मोकाट नको. मैदान, बाजारहाट, शेतातलं एखादं काम आणि रोज बरोबरीची मुलं हवीतच. ती मिळत नसतील तर शाळाच बरी.

दिवसभर लेक्चरला बसून पी.एल. मध्ये शिकणाऱ्या आपल्या हॉस्टेलला तरी, बसणं वेगळं आणि शिकणं वेगळं, हे सांगायला नको!