गृहस्थाश्रमातील पळवाट

कंडोम हा शब्द अग्रलेखात पाहून काही वाचकांच्या कपाळावर आठ्या पडतील. पडोत. विषय घराघरातला आहे.

जगात कंडोमची गरज आणि प्रत्यक्ष वापर यांत मोठी दरी आहे. सहारा वाळवंटाच्या दक्षिणेकडील ४७ आफ्रिकी देशांना २०१५ मध्ये सुमारे ६०० कोटी कंडोम हवे होते. वाटले गेले २७० कोटी, असा संयुक्त राष्ट्रांच्या एड्सविषयक कार्यक्रमाचा अंदाज होता. तेथे मालच पुरेसा पोहोचत नाही. आपल्याला मात्र ही सबब सांगता येणार नाही. १९६८ मध्ये ‘निरोध’ बाजारात आला तो तीन नग पंधरा पैशांना, आणि चहा-साबण विकणाऱ्या कंपन्यांच्या जाळ्यातून थेट किराणा दुकानापर्यंत. २०११ पासून आशा कार्यकर्त्यांमार्फत तो एक रुपयात तीन, असा घरपोच देण्याची योजना आली.

तरीही २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील विवाहित जोडप्यांपैकी कंडोम वापरणारी ९.५ टक्केच होती. स्त्रियांच्या शस्त्रक्रियेचे प्रमाण ३७.९ टक्के, पुरुषांचे ०.३. पुरोगामी म्हणविणाऱ्या महाराष्ट्रात जवळपास निम्म्या विवाहित स्त्रियांनी शस्त्रक्रिया करून घेतलेली. पुरुषांचे प्रमाण हजारी चार! संततिनियमन हे बायकांचे काम, असे मानणारे पुरुष देशात ३५ टक्के निघाले. वस्तुतः पुरुषाची शस्त्रक्रिया अधिक सोपी, आणि कंडोमला तर शस्त्रही लागत नाही. दोन मुलांत अंतर ठेवू पाहणाऱ्या तरुण जोडप्याला नेमके हेच साधन सोयीचे. शिवाय गुप्तरोग व एड्स यांपासून रक्षण करणारे गर्भनिरोधक तेवढे हेच.

ही पळवाट रुंद झाली ती आणीबाणीत. १९७६-७७ मध्ये ८२ लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांश पुरुषांच्या. महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीचे विधेयकच संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती मिळाली नाही म्हणून ते टळले. दंडेलीची ती दहशत पुरुषांच्या मनात घर करून राहिली. पुढे ‘कुटुंब नियोजन’ खात्याचे ‘कुटुंब कल्याण’ झाले आणि सारे ओझे निमूटपणे स्त्रीच्या देहावर सरकले. जुलूम सत्तेने केला, भरपाई गृहिणीने केली.

संयमाचा मार्ग श्रेष्ठ, हे खरेच. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला गांधीजींना भेटल्या, तेव्हा त्यांनीही कृत्रिम साधने नाकारून संयमच सांगितला. त्याआधी १९२१ मध्येच र. धों. कर्वे यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले होते. त्यांची कित्येक मते आपल्या वाचकांना मानवणारी नाहीत. परंतु स्त्रीच्या प्रकृतीची त्यांना वाटणारी कळकळ अस्सल होती. आणि संयमाचा आग्रह धरणारा पुरुष संयम आणि साधन दोन्ही टाळत असेल, तर त्याला धर्म कसे म्हणावे?

आशाताई घरी येतात तेव्हा भेटते ती सून. पुरुष शेतात, नाही तर कामावर. तो एकत्र भेटतो सप्ताहात, उत्सवात. मेहकर तालुक्यातील हिवरा आश्रम येथे विवेकानंद जयंतीला प्रचंड जनसमुदाय लोटतो; रुग्णसेवेचे व्रत घेतलेल्या शुकदास महाराजांची ही कर्मभूमी. अशा ठिकाणी एखाद्या जाणत्या डॉक्टरांनी दोन अपत्यांमधील अंतर आणि त्यातील पित्याचा वाटा यांवर दहा मिनिटे सांगावे. त्यासाठी वेगळा मंडप घालावा लागणार नाही.