प्रकाशाची मात्रा

‘३६५ नॅनोमीटर, ३० सेकंद.’ जेलमामध्ये कर्करोगाच्या पेशी वाढवणाऱ्या अनेक प्रयोगवह्यांत प्रकाशाबद्दल एवढीच नोंद सापडते. पेशी कोणत्या, पासेज कितवा, सीरम किती टक्के, औषध किती मायक्रोमोलर हे सगळे बारकाईने लिहिलेले असते. मायकोप्लाझ्माची चाचणी कधी केली तेही असते. ज्या प्रकाशामुळे जेल घट्ट झाले, त्याची मात्र अशी एका ओळीत बोळवण. दिवा किती अंतरावर होता, वेलपर्यंत प्रत्यक्ष किती मिलिवॅट पोचले, प्लेटवर झाकण होते की नव्हते, मिश्रण ३७ अंशांवर होते की बाकावर राहून थोडे आळले होते, याचा कुठेच पत्ता नसतो. मग दुसरी प्रयोगशाळा त्याच पेशी आणि तेच औषध घेऊन काम करते, आकडे जुळत नाहीत, आणि खापर पेशींवर फुटते.

ही बाब किरकोळ नाही. त्रिमितीय संवर्धनाकडे आपण वळलो तेच मुळी पेशी भोवतालाप्रमाणे वागते म्हणून. १९९२ मध्ये ओले पीटरसन, मिना बिसेल आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की आधारपटलाच्या जेलमध्ये स्तनाच्या निरोगी पेशी नीटस गोळे करून वाढ थांबवतात आणि कर्करोगी पेशी अस्ताव्यस्त वाढत राहतात. प्लास्टिकवर हा फरक इतका स्वच्छ दिसत नाही. १९९७ मध्ये त्याच परंपरेत व्हॅलरी वीव्हर यांनी बीटा-१ इंटेग्रिन अडवले, तेव्हा कर्करोगी पेशीही पुन्हा नीटस गोळे करू लागल्या; जनुकांतले दोष जिथल्या तिथे होते. पुढे २००५ मध्ये वीव्हर यांच्या गटाने उंदराच्या स्तनाची ताठरता मोजली. निरोगी ग्रंथी सुमारे १७० पास्कल, गाठ सुमारे ४ किलोपास्कल. आपली नेहमीची पॉलिस्टायरीनची प्लेट गिगापास्कलच्या घरात असते. पेशी या ताठरतेला प्रतिसाद देते, आणि प्रकाशाने घट्ट होणाऱ्या जेलमध्ये ही ताठरता बऱ्याच अंशी आपण दिव्याच्या बटणावर ठरवतो.

मॅट्रिजेल सोडून लोक जेलमाकडे आले, त्यामागे रास्त कारण होते. मॅट्रिजेल उंदराच्या सार्कोमापासून काढतात; त्यात लॅमिनिन आणि कोलॅजेन-४ सोबत वाढीचे घटकही येतात आणि प्रत्येक बॅच थोडी वेगळी निघते. जेलमा त्यामानाने साधे: जिलेटिनमधल्या लायसिनवर मेथाक्रिलॉइल गट बसवायचे, प्रकाशसंवेदी आरंभक घालायचा, दिवा लावायचा. बेल्जियमच्या गेंट विद्यापीठातून २०००च्या सुमारास त्याचे वर्णन आले. पेशी जिथे चिकटतात ते आरजीडी क्रम आणि पेशींची प्रथिनभेदक विकरे जिथे कापतात त्या जागा, दोन्ही जिलेटिनमध्ये शाबूत राहतात. पण बॅचच्या कटकटीतून आपण सुटलो असे समजू नये. ‘जेलमा’ असे लेबल असलेल्या दोन बाटल्यांत किती लायसिनवर गट बसले याचे प्रमाण खूप वेगळे असू शकते. प्रोटॉन एनएमआर किंवा टीएनबीएस चाचणीने ते मोजता येते आणि ते मोजायलाच हवे.

आता प्रकाशाबद्दल. मात्रा म्हणजे तीव्रता गुणिले वेळ. प्रति चौरस सेंटिमीटर १० मिलिवॅट तीव्रतेने ३० सेकंद दिले तर ३०० मिलिज्यूल होतात. तीव्रता न लिहिता नुसते ३० सेकंद लिहिणे म्हणजे औषध ‘दोन थेंब’ घातले असे लिहिण्यासारखे आहे. गुणाकार सारखा आला तरी परिणाम सारखाच येईल याची खात्री नाही. मंद प्रकाशात जास्त वेळ आणि प्रखर प्रकाशात कमी वेळ ठेवलेली जेले वेगळी निघू शकतात, म्हणून दोन्ही आकडे हवेत. आरंभक कोणता यानेही चित्र पालटते. इरगाक्युअर २९५९ हे ३६५ नॅनोमीटरला फारच कमी प्रकाश शोषते. एलएपी त्याच तरंगलांबीला सुमारे पन्नास पट जास्त शोषते, शिवाय ४०५ नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशातही काम करते. ज्यांच्याकडे निवड आहे त्यांनी अतिनील सोडून ४०५ कडे जावे असे आमचे स्पष्ट मत आहे. तिथेही एक खाचखळगा आहे: मीडियममधले फिनॉल रेड नेमका त्याच भागातला प्रकाश थोडा खाते. पेशी फिनॉल रेड नसलेल्या बफरमध्ये मिसळा, घट्ट झाल्यावर नेहमीचे मीडियम घाला.

प्रकाशानंतर थेंबाच्या कडेला पिपेटचे टोक हलकेच लावून पाहा. आतला भाग घट्ट, वर मात्र चिकट पातळ थर. हवेतला ऑक्सिजन मुक्त मूलके गिळतो आणि साखळी तिथेच थांबते. मोठ्या जेलमध्ये हा थर दुर्लक्षिता येतो, १० मायक्रोलिटरच्या थेंबात येत नाही. पेशींचा बराच वाटा त्या अर्धवट थरातच बसलेला असतो. वर काचेची कव्हरस्लिप ठेवली तर हा त्रास पुष्कळ कमी होतो. तापमानाचेही तसेच. जिलेटिन थंड झाले की आपोआप आळते. आधी आळू देऊन मग प्रकाश दिलेले जेल ३७ अंशांवर प्रकाश दिलेल्या जेलपेक्षा ताठर होते. सकाळच्या प्लेटा आणि दुपारच्या प्लेटा यांत फरक दिसला तर आधी एसीच्या आणि बाकावरच्या तापमानाची चौकशी करावी, पेशींची मागाहून. आणि रेडिओमीटर घेऊन ९६ वेलच्या प्लेटच्या मध्यावर व चारही कोपऱ्यांत एकदा वाचन घ्या. एलईडीचा प्रकाश कडेला उतरतो, आणि बऱ्याच जणांचे कंट्रोल कडेच्याच रांगेत असतात.

ताठरतेच्या प्रयोगांत आणखी एक गोंधळ सर्रास दिसतो. ५ टक्के जेलमा ‘मऊ’ आणि १० टक्के ‘ताठर’ असे गट करून निष्कर्ष काढले जातात. टक्केवारी दुप्पट केली की ताठरतेसोबत चिकटण्याच्या जागाही वाढतात, छिद्रेही लहान होतात. फरक कशामुळे आला हे मग कोण सांगणार? टक्केवारी तीच ठेवून प्रकाशाची मात्रा बदलली तर निदान चिकटण्याच्या जागांचा प्रश्न सुटतो. छिद्रांचा उरतोच, पण त्यासाठी वेगळे कंट्रोल घेता येतात. ताठरता मोजायची ती जेल मीडियममध्ये पूर्ण फुगल्यावर, ३७ अंशांवर. पेशींना भेटते ती तीच.

औषधांच्या चाचण्यांत सावधगिरी याहून जास्त हवी. त्रिमितीत आयसी-५० वाढले की ‘प्रतिकारक्षमता’ असे लिहून मोकळे होण्याची घाई असते. औषध आत पोचलेच नसेल तर? डॉक्सोरुबिसिन स्वतःच चमकते. कॉन्फोकलखाली ते किती खोल गेले हे थेट पाहता येते. मग पाहावे. एमटीटीचे स्फटिक जेलच्या आत अडकून राहतात आणि डीएमएसओने पूर्ण विरघळत नाहीत, म्हणून सपाट प्लेटवरचे प्रमाणीकरण इथे जसेच्या तसे चालत नाही. आरंभक अधिक प्रकाश एवढेच दिलेला, औषध नसलेला गट प्रत्येक वेळी हवा, कारण मुक्त मूलकांनी दुखावलेली पेशी औषधाने लवकर मेल्यासारखी दिसते.

हे सगळे इतक्या तळमळीने लिहिण्याचे कारण आपल्या दाराशीच आहे. खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये तोंडाच्या कर्करोगावर वर्षानुवर्षे काम चालले आहे, आणि त्या रुग्णांतल्या कित्येकांच्या तोंडात आधी सबम्युकस फायब्रोसिस होतो. सुपारी चघळून गालाच्या आतला पडदा दोरीसारखा घट्ट होत जातो, तोंड उघडेनासे होते, घास जात नाही. सुपारीतल्या तांब्यामुळे लायसिल ऑक्सिडेज हे विकर वाढते आणि ते कोलॅजेनमधल्या लायसिनांना एकमेकांत गुंतवते, असे मानले जाते. जेलमातही आपण लायसिनवरच काम करतो. गालाचा मऊ पडदा आणि फायब्रोसिसचा ताठर पडदा, दोन्हींच्या ताठरतेची जेले एकाच बाटलीतून, फक्त प्रकाश बदलून करता येतील, आणि त्यांत रुग्णाच्याच पेशी वाढवून तो घट्टपणा पेशीला कर्करोगाकडे ढकलतो का, हा प्रश्न सरळ विचारता येईल. जिथे हे रुग्ण रोज ओपीडीत बसलेले असतात तिथल्या प्रयोगशाळांनी हा प्रश्न हाती घेतला पाहिजे. पण दोन जेलांची ताठरता मोजून लिहिलेली नसेल, तर उत्तराला काही अर्थ राहणार नाही.

अमेरिकेने २०२२च्या अखेरीस औषधांसाठी प्राण्यांवरच्या चाचण्यांची सक्ती कायद्यातून काढली. भारतानेही २०२३ मध्ये नवीन औषधे व क्लिनिकल चाचण्यांच्या नियमांत दुरुस्ती करून पेशींवर आधारित पद्धतींना वाट करून दिली. म्हणजे आपल्या प्लेटांवरचे आकडे उद्या परवानगीच्या फाइलीत जाऊ शकतात.

म्हणून प्रकाशाने घट्ट केलेल्या जेलवरचा लेख आमच्याकडे पाठवताना पुढील माहिती पद्धतीच्या भागात द्यावी: जेलमाचा स्रोत आणि गट बसण्याचे प्रमाण, आरंभक व त्याचे प्रमाण, तरंगलांबी, वेलच्या पातळीवर मोजलेले मिलिवॅट आणि सेकंद, प्रकाश देतानाचे तापमान, फुगलेल्या जेलची ३७ अंशांवरची ताठरता. ज्यांच्याकडे ऱ्हिओमीटर नाही त्यांनी जवळच्या रसायन तंत्रज्ञान किंवा पॉलिमर विभागाशी बोलावे. एका बॅचच्या मोजणीला दुपारही लागत नाही. जानेवारी अंकासाठी येणाऱ्या लेखांपासून हा निकष लागू होईल. सध्या परीक्षणात असलेल्या लेखांच्या लेखकांना ही माहिती पुरवण्यासाठी सहा आठवडे दिले जातील.