भाषण झालं, टाळ्या झाल्या. पण वऱ्हाडातल्या स्टार्टअपला पहिली ऑर्डर कोण देणार?

अमरावती असो की अकोला, स्टार्टअपचा मेळावा म्हटलं की चित्र साधारण ठरलेलं असतं. कॉलेजचं सभागृह, स्टेजवर पाच-सात यशस्वी उद्योजक, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ. समोर इंजिनिअरिंगचे पोट्टे, कृषी पदवीधर आणि बचत गटाच्या ताई. मग ते वाक्य येतंच, "नोकरी मागणारे नको, नोकरी देणारे व्हा." टाळ्या पडतात, पिचिंग होतं, बक्षिसं वाटली जातात, सेल्फी निघतात.

पोट्टा सर्टिफिकेट घेऊन घरी पोहोचतो, तेव्हा बापाचा एकच प्रश्न असतो. "ते सारं ठीक, पन गिऱ्हाईक कोन हाय तुयं?"

प्रश्न जुन्या वळणाचा वाटतो, पण विषयाचं मूळ तिथेच आहे.

आधी हे मेळावे एवढे वाढले कसे ते बघू. 16 जानेवारी 2016 ला केंद्राने 'स्टार्टअप इंडिया' सुरू केलं. 2018 मध्ये महाराष्ट्राचं स्टार्टअप धोरण आलं आणि ते राबवायला महाराष्ट्र राज्य नाविन्यता सोसायटी उभी राहिली. 2022 मध्ये याच सोसायटीची 'स्टार्टअप यात्रा' जिल्ह्याजिल्ह्यात फिरली. जिल्हा पातळीवर पहिलं बक्षीस होतं 25 हजार, दुसरं 15 हजार, तिसरं 10 हजार. 20 सप्टेंबर 2024 ला पंतप्रधान वर्ध्यात आले, तेव्हा अमरावतीच्या पीएम मित्रा टेक्स्टाइल पार्कची पायाभरणी झाली आणि त्याच स्टेजवरून पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर महिला स्टार्टअप योजनाही सुरू झाली. 2024 आणि 2025 मध्ये नागपुरात 'अ‍ॅडव्हान्टेज विदर्भ' भरलं. 2025 मध्येच राज्याचं नवं स्टार्टअप धोरण आलं, त्यात 500 कोटींच्या निधीची घोषणा आहे.

थोडक्यात, स्टेजची कमतरता नाही. सरकारी आकड्यांनुसार देशातल्या मान्यताप्राप्त स्टार्टअपपैकी जवळपास निम्मे छोट्या आणि मध्यम शहरांतले आहेत, म्हणजे कल्पनांचीही कमतरता नाही.

मग अडतं कुठे?

मालेगावचा 'जुगाडू कमलेश' आठवतोय? शार्क टँक इंडियाच्या पहिल्या सीझनमध्ये कमलेश घुमरे सायकलसारखी फवारणीची गाडी घेऊन आला होता. पाठीवर पंप न घेता फवारणी करता यावी, ही कल्पना. लेन्सकार्टच्या पीयूष बन्सल यांनी 40 टक्के हिश्शासाठी 10 लाख रुपये आणि वर 20 लाखांचं बिनव्याजी कर्ज देऊ केलं.

हे यंत्र कशासाठी हे वऱ्हाडात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. 2017 मध्ये शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी आणि मजूर दगावले होते. कपाशीचा पट्टा सगळा सारखाच. अशा यंत्राची कल्पना अकोटच्या किंवा दर्यापूरच्या पोराच्या डोक्यातही येऊ शकते. पण त्याच्यासमोर टीव्हीवरचे शार्क नसतात. त्याच्यासमोर असतो जिल्ह्यातला यशस्वी उद्योजक, जो स्वतः शून्यातून कसा वर आला ते सांगतो आणि पुढच्या कार्यक्रमाला निघून जातो.

तो माणूस खोटं बोलत नाही हे खरं. त्याची गोष्ट ऐकून दोन पोरांना बळ मिळत असेल तर तेही काही कमी नाही. फक्त प्रेरणा आणि आधार या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि मेळाव्याच्या बॅनरवर दोन्ही एकाच ओळीत छापल्या जातात.

आधारातला पैशाचा भाग घ्या. 2021 च्या केंद्रीय सीड फंड योजनेत कल्पना सिद्ध करायला 20 लाखांपर्यंत अनुदान आणि पुढे बाजारात उतरायला 50 लाखांपर्यंत मदत अशी तरतूद होती. पण हा पैसा थेट स्टार्टअपच्या खात्यात जात नव्हता. तो इन्क्युबेटरमार्फत जायचा आणि कुणाला द्यायचा हे इन्क्युबेटरची समिती ठरवायची. म्हणजे मेळाव्यातल्या प्रमुख पाहुण्यापेक्षा संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या इन्क्युबेशन सेंटरसारखी जागा पोराच्या जास्त कामाची. महिलांसाठीच्या अहिल्यादेवी योजनेत 25 लाखांपर्यंतची मदत आहे आणि एकूण तरतुदीतला 25 टक्के भाग मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या महिलांसाठी राखीव आहे. समोर बसलेल्या बचत गटाच्या ताईला भाषणापेक्षा हा एक आकडा आणि अर्ज कुठे करायचा तो पत्ता जास्त हवा असतो.

बक्षीस वेगळं, वर्क ऑर्डर वेगळी

राज्याच्या 'स्टार्टअप वीक' मध्ये एक गोष्ट वेगळी केली गेली. 100 स्टार्टअप सादरीकरण करायचे, त्यातले 24 निवडले जायचे आणि त्यांना सरकारी खात्याकडून 15 लाखांपर्यंतचं काम मिळायचं. चेकसोबत फोटो नाही, थेट वर्क ऑर्डर.

फरक मोठा आहे. 25 हजारांचं बक्षीस दोन महिन्यांत संपतं. ऑर्डर मिळाली की वस्तू खऱ्या ठिकाणी वापरली जाते, तिथे ती बिघडते, मग सुधारते. बिल फाटतं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाला दाखवायला एक नाव मिळतं. बँकेचा मॅनेजरही पिचिंगचा व्हिडिओ बघत नाही, तो ऑर्डर आणि उलाढाल बघतो. नव्या कंपनीकडे आधीचा अनुभव नसतो, म्हणून केंद्राच्या खरेदीत मान्यताप्राप्त स्टार्टअपना पूर्वअनुभव, उलाढाल आणि बयाणा रक्कम यांच्या अटींत सवलत दिलेली आहे. अनुभव नाही म्हणून काम नाही, काम नाही म्हणून अनुभव नाही, हा फेरा सरकारलाही कळतो.

मग वऱ्हाडात ही ऑर्डर कोण देऊ शकतं? बघायला गेलं तर स्टेजवर बसलेलेच. अकोल्यात डाळ मिल आहेत, तेल मिल आहेत, जिनिंग आहेत. वरूड-मोर्शीकडे संत्र्याचे व्यापारी आहेत. नांदगाव पेठला टेक्स्टाइलचे कारखाने आहेत. या प्रत्येकाच्या धंद्यात रोजची एखादी डोकेदुखी असतेच. डाळीचा तुकडा जास्त पडतो, रुईत कचरा येतो, बारक्या संत्र्याला भाव नाही. भाषणाच्या वीस मिनिटांत यातली एक अडचण जरी मांडली, "महिनाभर माझ्या मिलमध्ये मशीन लावून बघा, चाललं तर दोन नग माझे" एवढं जरी म्हटलं, तरी समोरच्या पोराला सहा महिन्यांचं काम मिळतं. त्यात उद्योजकाचाही तोटा काही नाही.

हे स्वप्नरंजन नाही. अकोल्यातच डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने 'पीकेव्ही मिनी डाळ मिल' तयार केली. मोठ्या मिलला तूर विकण्याऐवजी गावातच डाळ करता यावी, म्हणून केलेलं हे छोटं यंत्र. शेतकऱ्यांनी, बचत गटांनी ते घेतलं आणि गावोगाव डाळीचे छोटे धंदे उभे राहिले. स्टार्टअप हा शब्द वऱ्हाडात कुणाच्या तोंडी नव्हता तेव्हाची ही गोष्ट. इथे अडचण आधी होती, यंत्र नंतर आलं. आजच्या पिचिंगमध्ये बऱ्याचदा अ‍ॅप आधी तयार असतं आणि अडचण नंतर शोधली जाते, पण तो वेगळा विषय.

ऑर्डर मिळाली तरी एक भानगड उरतेच, ती म्हणजे उधारी. अमरावती-अकोला रस्त्यावर जून 2022 मध्ये 75 किलोमीटरची लेन 105 तास 33 मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला होता. याच रस्त्याच्या दोन टोकांना छोट्या पुरवठादाराचं बिल मात्र महिनोन् महिने हलत नाही. मोठ्या गिऱ्हाइकाला नाराज करायची हिंमत कुणाची होणार?

इथे मेळाव्यात क्वचितच सांगितली जाणारी गोष्ट अशी. कायद्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त 45 दिवसांत आणि करार नसेल तर 15 दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाला तर व्याज लागतं, तेही रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट आणि चक्रवाढीने. 1 एप्रिल 2024 पासून आयकराची नवी तरतूद लागू आहे. मुदतीत पैसे दिले नाहीत, तर खरेदीदाराला तो खर्च त्या वर्षीच्या हिशेबात धरता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्याच वर्षी धरता येतो. मार्च जवळ आला की सीए लोक व्यापाऱ्यांना फोन का करतात, त्याचं हे एक कारण.

यासाठी पुरवठादाराकडे उद्यम नोंदणी असावी लागते आणि ती उत्पादन किंवा सेवा देणाऱ्यालाच कामाची, नुसती खरेदी-विक्री करणाऱ्याला 45 दिवसांचं हे संरक्षण नाही. नोंदणी ऑनलाइन होते आणि सरकारी पोर्टलवर तिला एक रुपयाही लागत नाही. तिचा नंबर पहिल्याच बिलावर छापायचा असतो.