ओळख कोणी दिली?

१९९० साली मी रत्नागिरी जिल्ह्यात एका बँकेच्या शाखेत अधिकारी होतो. खाडीकाठचं गाव. निम्म्या घरांतला एक तरी माणूस आखातात. महिन्याच्या सुरुवातीला तिकडचे ड्राफ्ट येत आणि काउंटरपाशी म्हाताऱ्या आईबापांची गर्दी होई. २ ऑगस्टला इराकच्या फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि ड्राफ्ट थांबले. माणसं मात्र येतच राहिली. ‘साहेब, काय बातमी?’ आम्ही रोज पेपर वाचतो, म्हणजे आम्हांला सगळं ठाऊक, असा त्यांचा भाबडा समज होता. खरं सांगायचं तर आमचाही तोच होता.

त्या हिवाळ्यात एक बातमी आमच्यापर्यंत पोहोचली. कुवेतच्या इस्पितळात इराकी सैनिकांनी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना काचेच्या पेटीतून काढून थंड फरशीवर मरायला टाकलं आणि पेट्या उचलून नेल्या. १५ वर्षांच्या एका मुलीनं हे डोळ्यांनी पाहिलं होतं. १० ऑक्टोबर १९९० रोजी अमेरिकी काँग्रेस-सदस्यांच्या मानवी हक्क गटापुढे तिनं रडतरडत ते सांगितलं होतं. मी ती हकीकत जेवणाच्या सुट्टीत सगळ्या स्टाफला ऐकवली. घरी आमची थोरली दीड वर्षाची होती. त्या रात्री मला नीट झोप लागली नाही.

दोनचार दिवसांनी आमच्या एका खातेदार मावशींचा मुलगा शाखेत आला. तो कुवेतच्या एका इस्पितळात वॉर्डबॉय होता. सुटका झालेल्या लाखाहून अधिक भारतीयांबरोबर अम्मानमार्गे विमानानं परतला होता. मी त्याला पेट्यांचं विचारलं. तो म्हणाला, ‘लूट झाली साहेब, माणसं मारली, ते बघितलंय. बाळांचं मात्र मी बघितलं नाय, कोणाकडनं ऐकलं पण नाय.’ मी त्याला चारचौघांत झापलं. ‘तुझ्यासमोर झालं नाही म्हणजे झालंच नाही का?’ तो गप्प झाला आणि आईचं पासबुक घेऊन निघून गेला.

जानेवारी १९९२ मध्ये, म्हणजे युद्ध आटोपून वर्ष होत आल्यावर, उघड झालं की ती मुलगी कुवेतच्या अमेरिकेतल्या राजदूतांची कन्या होती. साक्ष देताना तिनं फक्त ‘नायिरा’ एवढंच नाव सांगितलं होतं. मायदेशातल्या नातेवाइकांना त्रास होऊ नये म्हणून आडनाव लपवलं, असं कारण दिलं गेलं. साक्षीची तयारी ‘हिल अँड नोल्टन’ या जनसंपर्क कंपनीनं करून घेतली होती. कंपनीला काम दिलं होतं कुवेतच्या नागरिकांची म्हणवणाऱ्या एका संस्थेनं, आणि संस्थेचा जवळजवळ सगळा पैसा, एक कोटी डॉलरच्या वर, कुवेत सरकारचा होता. दरम्यान राष्ट्राध्यक्ष बुश यांनी ती कथा पुन्हापुन्हा सांगितली. सिनेटमधल्या चर्चेत ती आली. १२ जानेवारी १९९१ ला सिनेटनं युद्धाला संमती दिली, ती ५२ विरुद्ध ४७ मतांनी. अ‍ॅम्नेस्टीसारख्या संस्थेनंही तीनशेहून अधिक बाळांचा आकडा छापला होता. युद्धानंतर तिनं तो मागे घेतला.

गंमत पाहा. त्या काळी आमच्या शाखेत साधं बचत खातं उघडायचं, तर जुन्या खातेदाराची ओळख लागे. ओळख देणाऱ्याची सही मी नमुन्याशी ताडून पाही. आणि एका आख्ख्या युद्धाची बाजू मांडणाऱ्या साक्षीदाराची ओळख कोणी दिली, हे मी विचारलं नाही. उलट ज्याला नाव होतं, गाव होतं, ज्याच्या आईचा पत्ता आमच्या लेजरमध्ये होता, त्यालाच मी खोटं पाडलं. त्याचं म्हणणंही अंतिम पुरावा नव्हतं. पण ते ऐकून घेण्याजोगं नक्की होतं.

असं का होतं? एक म्हणजे, अशा कथेत मूल असतं. मूल मध्ये आलं की शंका घेणाराच निर्दयी ठरतो. दुसरं, ती खऱ्याच्या शेजारी बसवलेली असते. इराकचं आक्रमण खरं होतं, छळ खरा होता. चार खऱ्या नोटांच्या बंडलात पाचवी खोटी सरकवली, तर भलाभला कॅशियर फसतो. आणि तिसरं, आपल्याला राग हवाच असतो. ती कथा नुसती त्याला वाट करून देते.

या खोट्याची वसुली मात्र भलत्याकडून होते. पहिल्या महायुद्धात, १९१७ साली, जर्मन लोक आपल्याच सैनिकांच्या प्रेतांची चरबी काढतात, अशी बातमी ब्रिटिश पत्रांनी छापली. १९२५ मध्ये ब्रिटनच्या परराष्ट्रमंत्र्यांनी ती निराधार असल्याचं संसदेत मान्य केलं. पुढे हिटलरच्या छावण्यांतल्या कत्तलींच्या बातम्या येऊ लागल्या, तेव्हा अनेकांना वाटलं, हीही तसलीच एखादी चरबीची गोष्ट असेल. या वेळी ते खरं होतं. आधीच्या लबाडीची किंमत ज्यांनी मोजली, त्यांचा त्या लबाडीशी काडीचाही संबंध नव्हता.

मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या त्या चार दिवसांत आपल्या काही वाहिन्यांनी कराची बंदर उद्ध्वस्त केल्याचं सांगितलं. तसं काही झालं नव्हतं. त्याच रात्री माझ्या मोबाइलवर आकाशात क्षेपणास्त्रं उडतानाची एक चित्रफीत आली. मी ती कुटुंबाच्या ग्रुपवर धाडणार, तेवढ्यात अकरा वर्षांचा नातू डोकावून म्हणाला, ‘आजोबा, हे गेममधलं आहे.’

मी त्याला झापण्यासाठी तोंड उघडलं होतं. मग तो वॉर्डबॉय आठवला. मी चष्मा पुसला आणि म्हटलं, ‘बस इथं. कशावरून, ते मला सांग.’