सोन्याच्या विटा मोजल्या, माणसं नाही

आमच्या रेवदंड्यात ‘फोर्ट स्टिकिन’चं नाव काढा, गोष्ट सोन्याच्या विटांचीच निघते. माझं भांडण त्याच्याशीच आहे. कॅनडात १९४२ साली युद्धासाठी बांधलेली ही मालवाहू आगबोट दोन वर्षंही चालली नाही. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं असताना कराचीत तिच्यात कापसाच्या गासड्या भरल्या. १४ एप्रिल १९४४ला मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत तो कापूस पेटला, बोट फुटली. याला ‘अपघात’ म्हणायचं? कापूस आणि दारूगोळा एकत्र भरायचं माणसांनीच ठरवलं होतं. अग्निशमन दलाच्या ६६ जणांचं दरवर्षी स्मरण होतं; व्हायलाच हवं. पण तिथे मेलेल्या गोदी कामगारांचा नक्की आकडासुद्धा नाही. विटांचा आहे: १२४.